अंतर ठेवा

निरोगी माणूस घास-पाणी नेमकं कसं गिळतो, हे मोजायला हॉस्पिटलला निरोगी माणसं हवी होती. घड्याळवाले काका सर्वांच्या आधी हजर झाले. किरणोत्सर्गी औषध मिसळलेलं पाणी त्यांनी कॅमेऱ्यासमोर एका घोटात गिळलं. पडद्यावरचा उजळ ठिपका घशातून सरळ पोटात उतरला, वाटेत कुठे रेंगाळला नाही.

"काका, पुस्तकात छापावं असं गिळता तुम्ही," टेक्निशियन मुलगी म्हणाली. "औषध चिमूटभरच आहे, घाबरू नका. फक्त आजचा दिवस नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही, कोणाला खेटून बसायचं नाही. जमेल ना?"

"जड जाईल गं," काका गंभीरपणे म्हणाले. "पण बघतो."

परतताना त्यांनी लिफ्टमधल्या शेजाऱ्याला बजावलं, "जरा लांबच उभे राहा." शेजारी आधीच कोपऱ्यात उभा होता. त्याने फोनमधून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या काकांनी मुलाला फोन लावला.

"आज पोरांना घेऊन येऊ नकोस हं. सक्त मनाई आहे."

"आज?" मुलगा गोंधळला. "बाबा, आमचं तर काही ठरलंच नव्हतं."

"मग बरंच झालं," म्हणत काकांनी फोन ठेवला, एक ताट घेतलं आणि वाढून घेतलं.



त्या दिवशीही काका एकटेच जेवले, पण डॉक्टरी सल्ल्याने.