बर्लिन पडलं

"सुयुन्चू! सुयुन्चू! बर्लिन पडलं!"

टपालवाला कालदीबाय गाढवावरून ओरडत गावात शिरला, आणि बुरुलचा नावाच्या म्हातारीच्या हातातलं ताकाचं भांडं खाली आलं. ती काठी घेऊन धावली ती थेट घरामागच्या मेंढवाड्याकडे. तिथे बर्लिन चारी पायांवर उभं होतं आणि शेजारच्या सबीराचा वाळत घातलेला रुमाल चघळत होतं.

"अगं वहिनी, तुझं नव्हे," मागून धापा टाकत आलेला कालदीबाय म्हणाला. "जर्मनांचं. युद्ध संपलं."

या बर्लिनची हकिगत अशी. चार वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रविवारी जर्मन चालून आले आणि ऑगस्टमध्ये म्हातारीचा एकुलता एक मुलगा एर्मेक आघाडीवर गेला. मागे राहिलं ते एक आईवेगळं कोकरू. त्याने ते पोकळ शिंगातून दूध पाजून, शीळ घालून घालून वाढवलेलं. म्हातारीने त्याच दिवशी चार माणसांत सांगून टाकलं, माझा पोरगा परत आल्याची बातमी जो पहिल्यांदा देईल त्याला हे कोकरू. असा शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. चांगली बातमी आणणाऱ्याने आधी 'सुयुन्चू' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने बक्षीस द्यायचं, मग तो कोणी का असेना.

पहिल्या वर्षी गावच्या सामुदायिक शेतीचा अध्यक्ष असान पेपर वाचून दाखवी. आज अमुक शहर पडलं, आज तमुक. बायका म्हणत, आणि सबीराचा कांद्याचा वाफाही पडला. कोकरू रोज एकेक कुंपण ओलांडून पुढे सरकत होतं. असाननेच त्याला बर्लिन नाव दिलं. ज्या हिवाळ्यात जर्मन व्होल्गाकाठी अडकले, त्याच हिवाळ्यात बर्लिनची शिंगं सबीराच्या कुंपणात अडकली. तिने त्याला लाटण्याने असं बडवलं, की तिथून दोघांचीही माघारच सुरू झाली. म्हातारीच्या वतीने एर्मेकला लिहायच्या पत्रात मात्र हे नाव घालायला असान तयार होईना. पत्रं तपासली जात. 'बर्लिन धष्टपुष्ट आहे, त्याची काळजी करू नकोस' असं वाचल्यावर तपासणारा काय समजेल? शेवटच्या हिवाळ्यात एर्मेकची पत्रंच यायची थांबली.

तर आता युद्ध संपलं होतं आणि सगळं गाव मेंढवाड्याभोवती जमलं होतं. चार वर्षं कुणाच्या पातेल्यात मटण शिजलं नव्हतं.

"विजयाची मेजवानी करू या, काकू," असान म्हणाला. "कापू या याला."

"तुमचं बर्लिन पडलं, तुम्ही त्याचा रस्सा करा," म्हातारी म्हणाली. "माझं उभं आहे."

उन्हाळाभर गावची माणसं एकेक करून परतली. कुणाची एक बाही रिकामी, कुणाला नीट ऐकू येईना, पण परतली. कालदीबाय रोज टपाल वाटून झालं की रस्त्याच्या वळणावर, पोपलरच्या झाडाखाली ठाण मांडून बसे.

"तुझ्यासाठी बसतो, वहिनी."

"माझ्यासाठी, की बर्लिनच्या त्या जाडजूड शेपटीतल्या चरबीसाठी, भावोजी?"

"खोटं कशाला बोलू? दोन्हींसाठी."

मग डोंगरावर बर्फ दिसायला लागलं. येणारे सगळे आले होते. सबीरा कांद्यांवरून भांडेनाशी झाली. बर्लिनवरून कुणी थट्टा करेना, म्हातारीशी सगळे हळू आवाजात बोलू लागले. त्या हळू आवाजाने ती जितकी खचली, तितकी चार वर्षांत कधी खचली नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी बर्लिन सार्वजनिक कोठारात शिरलं आणि त्याने पोट फुटेस्तोवर सातू खाल्ला. अंगणापर्यंत कसंबसं आलं आणि पाय ताणून आडवं झालं. पोट ढोलासारखं टम्म. म्हातारी मांडीवर त्याचं डोकं घेऊन पोट चोळत बसली. सबीरा वळणाकडे पळाली.

"कालदीबाय, ऊठ! बर्लिन पडलं! सुरी आण!"

कालदीबाय सुरी घेऊन आला. बर्लिनकडे बघून त्याने मान हलवली.

"वहिनी, जीव जायच्या आत कापायला हवं. मेलेलं जनावर आपल्यात कुणी खात नाही."

"मग माझ्या एर्मेकची बातमी आणणाऱ्याला मी काय देऊ?"

असान आपल्या बुटांकडे बघत राहिला. म्हातारीने एकेकाचा चेहरा पाहिला. एवढे दिवस ज्याला नाही म्हणत आली होती, ते त्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने पोटावरचा हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं.

"म्हणा बिस्मिल्ला," ती म्हणाली.

कालदीबाय वाकला. तेवढ्यात, मे महिन्यापासून आज पहिल्यांदाच रिकाम्या पडलेल्या त्या वळणावरून शीळ ऐकू आली. बर्लिनचा कान हलला.

"सुयुन्चू, आई! सुयुन्चू!"

"गेलं माझं बक्षीस," कालदीबाय पुटपुटला. त्याच्या हातातली सुरी गळून पडली होती आणि दाढीवरून पाणी वाहत होतं.

पुन्हा शीळ आली. बर्लिनने पुढचे गुडघे टेकले आणि अशी जबरदस्त ढेकर दिली, की सबीरा दोन पावलं मागे सरकली. मग मागचे पाय उचलले गेले. पोपलरच्या रांगेतून, लांब कोट घातलेला एक हडकुळा माणूस कुबडीवर उड्या मारत येत होता. पाच महिन्यांची शिळी बातमी तो हसत हसत ओरडून सांगत होता.

"बर्लिन पडलं, आई!"

म्हातारी बर्लिनच्या शिंगाला धरून उभी राहिली.

"पडलं होतं रे," ती म्हणाली. "आत्ताच उठलं."