तिसऱ्या मजल्याची गाडी

पहिल्या मजल्याच्या वळणावर गाडी उलटली आणि जिन्यात जमलेले सगळे सभासद एकदम हळहळले. तिसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी स्टूल टाकून बसलेल्या वृंदाताईंना ते ऐकू आलं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा सोसायटी इतकी हळहळली नव्हती.

खालून पान्ह्याची खुडखुड सुरू झाली. चिंतामणराव, म्हणजे वृंदाताईंचे यजमान, गाडीचं वजन आणखी खाली घेत होते. आनंदनगरच्या एका कारखान्यातून ते मेंटेनन्स मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि सोसायटीचे सेक्रेटरी होते. खडकांवर चढणारी रिमोटची गाडी त्यांनी मोबाईलवर पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी मोटर आणायला उल्हासनगरच्या बाजारात गेले. चाकं कुकरच्या झाकणाएवढी, रबराच्या आत फोम भरलेला, म्हणजे पायरीची कड धरून बसावीत. चाकांना जडपणा यावा म्हणून जुन्या ओळखीतून पितळेच्या कड्या कातून आणल्या. मागचा हौदा म्हणजे वृंदाताईंचा लाडवांचा डबा, आडवा कापलेला. बारवी धरणाजवळच्या खडकांवर गाडी पहिल्यांदा चढली, त्या दिवशी ते पेढे घेऊन घरी आले.

हे सगळं जन्माला आलं ते जिन्यामागच्या मोकळ्या कोपऱ्यात. तिथे त्यांचं टेबल होतं, शिकंजा होता, दिवा होता. लिफ्ट बसवायची तर तीही नेमकी त्याच कोपऱ्यात बसेल, असं पाहणीला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं होतं. त्यानंतरच्या सभेत चिंतामणरावांनी इमारतीच्या पायाबद्दल इतकी काळजी व्यक्त केली की ठराव पुढच्या वर्षावर गेला. तिथून त्याच्या पुढच्या. चेअरमन हरेशभाई तळमजल्यावर राहायचे, त्यामुळे पायाची काळजी त्यांना चटकन पटायची. आज पुन्हा सभा होती, लिफ्टचा ठराव पुन्हा होता, आणि सभेआधी करमणूक म्हणून गाडीचं प्रात्यक्षिक होतं.

वृंदाताईंना हा जिना पायाखालचा होता. नव्या नवलाईने बदलापुरात राहायला आल्या तेव्हा वर पाणी चढत नसे. कडेवर पोर, हातात कळशी, अशा त्या दिवसभर चढायच्या. तळमजल्यावरच्या माई नळावर त्यांच्यासाठी नंबर लावून ठेवायच्या. पुढे पोरं मोठी झाली, पाणी वर आलं, तरी दोघींची संध्याकाळची बैठक खालच्या बाकावर ठरलेली. आता माई वॉकरवर आणि वृंदाताईंना डॉक्टरांनी जिना बंद केलेला. हृदय नाजूक, म्हणून गुडघ्यांचं ऑपरेशनही नाही. गणपतीत त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं होतं. परत आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचंय, त्याची तालीम नको. तेव्हापासून दोघींची भेट फोनवर. माईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं फोनच्या आधी जिन्यातूनच वर पोचतं.

"तुझ्यासाठीच बनवतोय," चिंतामणराव म्हणाले होते. "दूध, औषधं, भाजी, सगळं दारात येईल. तुला खाली यायची गरजच उरणार नाही." एखाद्या नवऱ्याने सोन्याच्या पाटल्या पुढे कराव्यात तसे ते हे बोलले होते. त्यात खोट नव्हती, हीच पंचाईत होती.

खाली टाळ्या पडल्या. गाडीने पहिला मजला घेतला होता. मग मोटरची घरघर जवळ येत गेली. पुढची चाकं पायरीवर पंजा टाकत, मागची ढकलत, मध्येच सगळी गाडी वाकडी होई आणि पुन्हा सावरे. शेवटी ती वृंदाताईंच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. मागून रिमोट छातीशी धरून चिंतामणराव, त्यांच्यामागे सभासदांची रांग, धापा टाकत. हरेशभाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"साईं, गाडी तर चढली," ते आपल्या सिंधी सवयीने म्हणाले. "आता आमचं बघा."

डब्यात दुधाची पिशवी होती आणि गुडघ्यांच्या गोळ्या होत्या. वृंदाताईंनी दोन्ही काढून घेतल्या. गाडीचं कौतुक केलं. ते मनापासून होतं, कारण इतकी कमी कुरकुर करून हा जिना त्यांच्या घरातलं दुसरं कोणी चढत नसे. मग चौकट धरून त्या उठल्या. दारामागच्या मांडणीतून त्यांनी आपल्या बाहेरच्या चपला काढल्या, पदराने त्यांवरची धूळ पुसली आणि डब्यात शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे काय?" चिंतामणराव म्हणाले.

"उतरायची चाचणी व्हायचीच आहे ना? ह्या चपलांना माईंच्या दाराशी सोडा. गणपतीनंतर बाहेर पडलेल्या नाहीत. त्या तरी जाऊन येतील."

हरेशभाई हसायला लागले आणि मध्येच थांबले. सगळ्यांसमोर सेक्रेटरींना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, त्यांनी रिमोटची कळ दाबली. गाडी उतरायला लागली. एकेका पायरीवर धपकन बसत, चपला सांभाळत, दुसरा मजला, पहिला मजला. मागून सगळी माणसं उतरत होती आणि कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. गाडी कुठेही उलटली नाही.

वृंदाताई स्टुलावर बसून ऐकत राहिल्या. घरघर बंद झाली. वॉकरची टकटक दारापर्यंत आली. मग माईंचा तो खणखणीत आवाज तळापासून, लिफ्टच्या कोपऱ्यावरून, साऱ्या सभेच्या डोक्यांवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला.

"वृंदे, चपला पोचल्या गं. तू कधी येतेस?"