दोघांचा तंबू

एकतीस वर्षं शशिकला भामरागडकडच्या गावांत नर्स होती आणि तिचा नवरा वासुदेव वरोऱ्याला शिक्षक. ती सणासुदीला वरोऱ्याच्या घरी यायची, तेवढीच भेट. आता दोघंही रिटायर झाल्यावर त्यानं सायकल सहल ठरवली. रस्ता तिनं निवडला, तंबू त्यानं घेतला. आठ दिवस फक्त दोघंच!

पण आलापल्लीचं जंगल लागलं आणि गावोगावी "नर्सबाई!" म्हणत लोक तिची सायकल अडवू लागले. कोणी चहा पाजला, कोणी तिच्या हातून जन्मलेली पोर आणून दाखवली. ती त्यांच्याशी गोंडीत बोलायची, खळखळून हसायची. वासुदेव दोन सायकली धरून उन्हात उभा.

पाचव्या दिवशी त्यानं मुद्दाम रस्ता सोडून नदीकाठी तंबू लावायला घेतला. शेवटची खुंटी ठोकतो न ठोकतो, तोच मोळी घेऊन जाणारी एक बाई थांबली.

"अवो नर्सबाई, तंबूत काऊन राहून राह्यल्या? आमचं घर नाई का? मी पोराले घेऊन येतो, सामान उचलाले."

ती लगबगीनं गेली. वासुदेवनं हातातला दगड आपटला.

"तुले कोनीच ओळखत नाई, अशी एक तरी जागा हाये का या दुनियेत?"

शशिकला खुंटी उपटू लागली. मग मान वर न करताच म्हणाली,



"हाये ना. आपल्या घरासमोरची गल्ली."