हिरव्यातलं बोलणं
“मिस्टर शेवटचं नीट कधी बोलले?” डॉक्टरांनी विचारलं. “आमचा अबोला होता हो, परवापासून. सकाळी यांच्या हातातला कप पडला, तरी म्हटलं, करू देत आदळआपट!” तिला हुंदका फुटला. पक्षाघाताचा झटका कधी आला, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आता काय वाचेल, ते मेंदूचा स्कॅनच सांगणार होता. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “मेंदूचा हा लाल भाग गेलाय. भोवतीचा हिरवा रक्तावाचून उपाशी, पण जिवंत. रक्त अडवणारी गुठळी काढली नाही, तर तोही लाल होईल. काढताना रक्तस्राव झाला, तर माणूसच जाईल.” “लालमध्ये काय गेलं?” “उजवा हात.” “आणि हिरव्यात?” “बोलणं.” “मग काढा. घास मी भरवीन.” स्ट्रेचर निघालं. ती शेजारून धावत राहिली. “अहो, देवाशप्पथ, तुम्ही जिंकलात! एकदा खेकसा ना माझ्यावर!” त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. आवाज आला नाही. ऑपरेशन थिएटरचं दार मिटलं.