कोकंदचा निळा

उस्ता तुर्गुनबाय मशिदीच्या ओसरीत मान वर करून उभे होते. मोतीबिंदू काढल्यावर उजव्या डोळ्याला बांधलेली पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती.

"हे छत कुणी रंगवलं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या मुलीला, मुहय्योला, हसू आलं. "तुम्हीच की, बाबा."

गर्द निळ्यावर लाल-पांढरी फुलं होती. वेल दिसत नव्हती. पानं आणि देठ मागच्या निळ्यात बुडून गेले होते, आणि फुलं कुणीतरी खुडून फेकल्यासारखी इकडेतिकडे पडली होती.

उस्तांनी डाव्या हातानं नवा डोळा झाकला. वेल परत आली. पानं हिरवी, देठ सलग. हात काढला. वेल गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, डोळ्यातलं भिंग चहासारखं पिवळं झालं होतं. ते केव्हापासून पिवळं होत होतं, ते तिनं सांगितलं नव्हतं. तेवढी सगळी वर्षं उस्ता हिरव्यात थोडा थोडा निळा घालत आले होते, डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत.

ओसरीचं उरलेलं अर्धं छत त्यांच्या शागिर्दाला रंगवायचं होतं. हकीमजान घोटलेल्या रंगांच्या पराती छतापर्यंत बांधलेल्या लाकडी पाडाखाली मांडत होता. आज उस्तांनी सगळ्यांसमोर हात उचलून दुवा दिली की तोही उस्ता होणार होता. मग स्वतःचे शागीर्द घ्यायला मोकळा. अंगणात मोठ्या कढईत पुलाव शिजत होता आणि मोहल्ल्यातले म्हातारे हात धुऊन बसले होते.

"हकीमजान, हा रंग नको," उस्ता म्हणाले. "हिरव्यातला निळा काढ. देठ दिसत नाही."

हकीमजाननं वर पाहिलं. "दिसतोय की, उस्ता. चढून जवळ गेलं की स्वच्छ दिसतो."

"नमाजाला आलेला माणूस पाडावर चढतो का? खालून फुलावर बोट ठेवून देठानं मुळापर्यंत जाता आलं पाहिजे. माझ्या उस्तांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे."

"पण आपली खूण तीच आहे ना. ताश्कंदहून बाई आल्या होत्या फोटो काढायला. म्हणाल्या, कोकंदवाले वेल लपवतात, फुलं तरंगत ठेवतात."

"मी लपवली नाही. मला दिसत होती."

कढईजवळचा झाकिरबाय हसत म्हणाला, "उस्ता, बुखारावाले सोनं ओततात, खिवावाले हिरवं ओततात. आपल्या वाट्याला निळा आलाय, तोही आता काढून घेता का?"

म्हातारे हसले. उस्ता भिंतीपाशी गेले. कोपऱ्यात त्यांच्या उस्तांच्या हातची एक फळी अजून शाबूत होती. "हे बघ. इथं पान कसं सुटं दिसतं."

हकीमजान आदबीनं वाकला. "त्यावरचं व्हार्निश पिवळं पडलंय, उस्ता. म्हणून हिरवं दिसतं. तुम्हीच सांगितलं होतं मला."

ते त्यांनीच सांगितलं होतं.

"दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतं का तुम्हाला?" मुहय्योनं हळूच विचारलं.

"नाही. जुन्यानं बरोबर दिसतं."

"मग झालं तर. नव्याला अजून सवय नाही. बसा तुम्ही, फार वेळ उभे नका राहू."

तिनं त्यांना गादीवर बसवलं, पाठीशी उशी दिली. तिच्या चेहऱ्यावर माया होती. हकीमजानच्याही होती. तो समोर गुडघे टेकून बसला आणि त्यानं मान खाली घातली. वीस-पंचवीस माणसांनी ओंजळी उघडल्या. कढईवरचं झाकण काढायचं थांबलं होतं.

उस्तांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. कानामागे रंगाचा एक ठिपका वाळला होता. त्यांनी हात उचलले, ओठ हलवले, तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"आमीन," सगळे म्हणाले.

हकीमजान उठला तेव्हा रडत होता. त्यानं डोळे पुसले, परात उचलली आणि पाड चढला. त्याच्या हाताखाली शिकायला आलेल्या, खाली उभ्या असलेल्या दोघा नव्या पोरांना तो मोठ्यानं म्हणाला, "नीट बघून ठेवा. हा उस्तांचा रंग आहे. मी आहे तोवर यात एक थेंब बदलणार नाही."