शेवंताबाईंच्या घरचं पाणी

धुरपदाबाईंनी पाण्याचा तांब्या हाताने मागे सारला. "नको. माले काही नको."

शेवंताबाई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. "मग वायच च्या तरी घ्या. उन्हातून आलात."

"चहाबी नको."

ओटीवर बसलेल्या समाधानने आईची बाजू सावरायला पाहिलं. "आई, आज उपास शे का तुना?"

"उपास कसाना? सकायमा तुनासमोर पोहे खादात ना!"

शेवंताबाईंच्या मुलाशी, नवीनशी, धुरपदाबाईंच्या दिपमालाला लग्न करायचं होतं, आणि ते आईला आज, याच ओटीवर सांगायचं ठरलं होतं. उद्या सकाळी धुळ्याला निघायचं. रविवारी पिंपळनेरची मंडळी तिला बघायला धुळ्यात देवपूरच्या घरी येणार. आजचा दिवस हातचा गेला, की संपलंच.

युक्ती तिच्या भावाची, समाधानची. "कोकणातला, होडीवाला, एवढं ऐकलं की आई कान बंद करून घेईल. आधी माणूस बघू दे तिला. नावगाव मागून." म्हणून त्याने झोपायची-रांधायची सोय असलेली कॅम्पर गाडी भाड्याने घेतली आणि आईला समुद्र दाखवायला काढलं. वाट दाखवायला नवीन आणि त्याची बहीण मोहिनी. मोहिनी दिपमालाची कॉलेजातली मैत्रीण. आईला सांगितलं ते एवढंच, की हे आपले दोस्त, इथलेच आहेत.

आणि सगळं किती छान चाललं होतं! हरिहरेश्वरला आईने पहिल्यांदा समुद्र बघितला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "इतलं पानी, अन् आपली कपाशीले एक थेंब कामना नही!" दाभोळला गाडीच फेरीबोटीत चढली, तेव्हा तिने पुढची दांडी घट्ट धरली. "गाडी नावमा बसाडी. आते नावले कसामा बसाडशात?" मोहिनी हसून हसून खाली बसली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गाडी लागे. नवीन मागचं दार उघडून शेगडी पेटवी. भरीत करायचं म्हणून त्याने बाजारातून वांगी आणली, तर आई म्हणाली, "हाई वांगं शे का लिंबू?" आणि मग त्याच्याशेजारी बसून त्याच लिंबाएवढ्या वांग्यांचं भरीत त्याला शिकवलं. त्याच्या हातची सोलकढी ती ग्लासावर ग्लास प्यायली. "गुलाबी ताक" म्हणाली, पण प्यायली.

एकदा तिने जेवता जेवता त्याला विचारलं, "तू होडी लिसन जास, तवय तुनी माय झोपस का रे?"

नवीनने घास खाली ठेवला. "नाही झोपत, मावशी. मी आल्यावर झोपते."

आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्याच नवीनच्या घरी आज ती पाणी प्यायला तयार नव्हती.

उलट उठून घरभर फिरायला लागली. स्वयंपाकघरात डोकावली. नळ घरात आहे की बाहेर ते पाहिलं. मागीलदारी वाळत घातलेली मासळी आणि गुंडाळून ठेवलेली जाळी पाहिली. "भिंतले पावसायामा ओल येस का?" असंही विचारलं. शेवंताबाई बिचाऱ्या मागे मागे फिरत उत्तरं देत होत्या. दिपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवीन तिच्याकडे बघत नव्हता. चार दिवस दोघांनी कटाक्षाने हेच पाळलं होतं, पण आजचं न बघणं वेगळं होतं.

मग आई अंगणात आली. माडाखाली उभ्या असलेल्या गाडीत चढली, आपल्या कॅनचं पाणी पेलाभर ओतलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायली.

म्हणजे तहान लागलेली होती.

ओटीवर शेवंताबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि पदराने हात पुसत राहिल्या. मोहिनी मान खाली घालून आत गेली. दिपमालाला ते बघवेना. ती तरातरा गाडीत शिरली आणि तिने दार ओढून घेतलं.

"आई, इतकं वाईट आहे का त्यांचं घर? पाणीसुद्धा चालत नाही?"

"कोन म्हने वाईट? चांगलं शे. नळ घरमा शे, ओल नही. मायबी मोकळी शे, लपाडत नही काही."

"मग? चार दिवस त्याच्याच हातचं जेवलीस ना तू?"

"जेवनू. तवय तो समाधानना दोस्त व्हता."

दिपमालाचे डोळे भरून आले. "आणि आता?"

धुरपदाबाईंनी पेला विसळून जागेवर ठेवला. "चार दिन तुम्ही दोन्ही बठ्ठासंगे बोलनात. मोहिनीसंगे, मनासंगे, त्या फेरीबोटवालासंगेबी. एकमेकसंगे तेवढं नही. माले काय येडी समजनात का?" मग त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि लेकीचे डोळे पुसले. "समाधानले सांग, पिंपळनेरले फोन लाव, येऊ नका म्हना. अन् त्या बाईले जाईसन सांग, राग धरू नको. आपलामा लेकीना सासरनं पानी पेतस का कोनी? नातू व्हवू दे, मंग पोटभर जेवसू."