कुंभारीण माशीची माती

"लिहा रावसाहेब, पडीत जागा. इथं घर कधी नव्हतंच."

भगवंतराव पाटील अर्ध्या तोंडाने बोलत होते. त्यांच्या डाव्या गालावर मातीचा जाड लेप वाळला होता. सरकारी मोजणीदाराने साखळी टाकायला सांगितली. जागा तळहातासारखी सपाट होती.

दूर परमुलखात लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पाटलांना कापसाच्या गंजीसाठी अमरावतीच्या गाडीवाटेलगतची हीच जागा हवी होती. तिथे एक म्हातारी राहत होती, एवढीच काय ती अडचण. पण पाटलांकडे पहारींना अन् बैलगाड्यांना काय तोटा!

"घर होतं, रावसाहेब," ती म्हातारी, पार्बताबाई, पुढे आली. "काल मी कापूस वेचाले गेली, तवा पाडलं. मातीसुद्धा गाड्यात भरून नेली."

"साक्षीदार कोण?"

सारा गाव जमला होता. सारा गाव स्वतःच्या पायांकडे पाहू लागला. तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारा सहदेवही. त्याची बायको पाटलांच्याच वावरात वेचणीला जायची, बोलणार कोण? पार्बताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांपैकी एकाचाही गाल, एकाचाही गुडघा असा नव्हता, ज्याची सूज तिने उतरवली नव्हती.

मोजणीदाराने कागदावर 'पडीत' लिहिलं. मग सहज विचारलं, "पाटील, गालाला काय झालं?"

विषय बदलला म्हणून पाटील खुलले. "दाढ सुजली होती. घास जात नव्हता. ही कुंभारीण माशीच्या घराची माती. परवा लावली, अन् आज पाहा, बोलून राहिलो! पण आणखी दोन रोज धुवाची नाही."

"आमच्या घरीही दाढेचा त्रास आहे. रानात सापडेल?"

"रानात कुठची! त्या माशीले कोरडी भिंत लागते. चूल पेटते, माणूस नांदते, अशा मातीच्या घरातच थे घर करते."

"तुमचं घर तर दगडी आहे. मग ही कोणाच्या घरातली?"

पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. आता ते उघडत होतं ना!

"माह्या घरातली," पार्बताबाई म्हणाली. "इथं, या जागी चूल होती. चुलीमागच्या भिंतीवरून खरवडून मीच लावली."

सहदेवला आधी हसू फुटलं, मग कंठ. "खरं हाय, रावसाहेब!" मागून दुसरा बोलला, तिसरा बोलला. मोजणीदाराने 'पडीत' खोडलं.

पाटलांचा हात गालाकडे गेला.

"पुसू नका, पाटील," पार्बताबाई कडाडली. "सूज परत येईन. दोन रोज राहू द्या. पाहू द्या गावाले माही भिंत."